घोंगड्याची घडी

पळसवाडी, जि. लातूर
२० जानेवारी १९८३

दादा,

जय भीम. सप्टेंबरच्या पत्रात मी तुला कळवलं होतं की आबा मोकळे झाले. ते चूक होतं. आबा मोकळे झालेले नाहीत. ते अजून गुरुपादप्पांचेच सालगडी आहेत, त्यांच्याच गोठ्यात झोपतात, आणि विहिरीचं पाणी मोटारीला उचलेनासं झाल्यापासून त्यांच्या मोसंबीला घागरीने पाणी घालतात.

ही चूक कशी झाली ते सांगते, नाहीतर तुला वाटेल मी मन राखायला खोटं लिहिलं. सतरा सप्टेंबरला मी लातूरला मावशीकडेच होते, टायपिंगचा क्लास चालू होता. नवा जिल्हा झाल्यानंतरचा पहिलाच मुक्तिदिन म्हणून मोठी सभा भरली. त्यात गुरुपादप्पा बोलायला उभे राहिले. रझाकारांचे दिवस, सरहद्दीवरचा कॅम्प, तुरुंगातला मार, सगळं सांगितलं. ते खोटं नाही, त्यांच्या पाठीवरचे वळ आपण विहिरीवर पाहिलेले आहेत. मग म्हणाले, "निजाम गेला, पण आपापल्या गोठ्यातला निजाम गेला का? माझ्याकडं मारोती आहे. त्याचा बाप भीमासुद्धा आमच्याकडंच होता. या झेंड्याखाली सांगतो, मारोती आजपासून मोकळा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि तिथूनच पोस्टात जाऊन तुला पत्र टाकलं.

दिवाळीला गावी आले तर आबा शेण भरत होते. मी विचारलं, "अप्पांनी तुम्हाला मोकळं केलं ना?"

"हाव, म्हन्ले म्हनं."

"मग?"

"सालाच्या मधी कोन मोकळं व्हतंय? मधीच सुटलेला गडी म्हंजी हाकललेला गडी. मोकळं व्हायचं त्ये पाडव्याला."

"अप्पा तुम्हाला काय म्हणाले, सभेहून आल्यावर?"

"जीपमधून उतरले आन् म्हन्ले, मारोती, बैलाला पेंड टाकली का."

दिवाळीपासून मला हे माहीत आहे. काहीतरी चांगलं घडेल आणि दोन्ही एकदमच कळवता येईल म्हणून थांबले. तसं काही घडलं नाही. मी घरीच असते. माय तळ्याच्या कामावर जाते, रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम निघालंय. मी घरचं बघते.

कस्तुराबाई, तुम्ही शेजारधर्म म्हणून दादाला पत्र वाचून दाखवता, तुम्हालाही जय भीम. तुमच्या हदगावकडे सालगड्याची रीत कशी आहे मला माहीत नाही, म्हणून आमची सांगते. आमच्याकडे मालक गड्याला घोंगडं देतो. पाडव्याच्या दुपारी गोठ्यात सगळ्या गड्यांना पुरणाचं जेवण असतं. गड्याने घोंगडं अंथरून त्यावर बसून जेवलं की पुढचं साल ठरलं. सोडून जायचं असेल तर घोंगड्याची घडी घालून मालकाच्या हातात द्यायची, मालकाने ती घ्यायची. बोलायचं कुणी काही नसतं. दादाही अप्पांचा सालगडी होता, आणि तो घोंगडं घेऊनच नांदेडला आला. त्यामुळे गावाच्या हिशेबाने त्याचं साल अजून संपलेलं नाही. ते अधांतरी आहे.

दादा, म्हणून विचारते. ते घोंगडं तुझ्याकडे आहे ना? पाडव्याच्या आधी ते परत आलं तर आबा निदान तुझ्या बाजूने सुटतील.

चांगुणा


पळसवाडी
११ फेब्रुवारी १९८३

दादा,

कस्तुराबाईंच्या अक्षरातलं तुझं उत्तर पोचलं. माझं सप्टेंबरचं पत्र ऐकून तू पुलावर गेलास आणि घोंगडं गोदावरीत सोडून दिलंस. "आबा सुटले, मग हे वझं कशाला बाळगू" असं तुला वाटलं. म्हणजे माझ्या चुकीने घोंगडं गेलं. यावर मी काय लिहू? तीन दिवस पत्र उशाखाली ठेवून झोपले.

पुढे तू लिहिलंस, "तू पाटी घेतली, मी काठी घेतली. आता पत्रातून मला शिकवून नको राहू." कस्तुराबाईंनी खाली लिहिलंय की हे वाक्य लिहू नका असं त्या तुला दोनदा म्हणाल्या, आणि तू भाकरी थापता थापता "लिहा" म्हणालास. बरं केलं लिहिलंत. मला ते माहीत आहेच. बहात्तरच्या दुष्काळात अप्पा आपल्या दारात आले होते. "दोन्ही लेकरं उपाशी ठेवू नको मारोती. एक शाळेत घाल, पाटी-पुस्तक मी देतो. एक माझ्या गुरांमागं राहू दे." तू अकरा वर्षांचा होतास, काठी तुझ्या हातात मावत होती. एवढ्यावरच ठरलं. आबांनी निवड केली असं तू म्हणतोस. मला आठवतं, त्यांनी नुसती मान हलवली होती.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण तुझं-आबांचं आधीच तुटलं होतं. मागच्या पाडव्याला, तू गेल्यानंतरच्या, मी गोठ्याच्या दाराशी उभी होते. आबांनी घोंगडं अंथरलं. अप्पांच्या घरच्या गुणाबाई वाढायला आल्या. त्यांनी आबांसमोर पत्रावळ मांडली, आणि शेजारी दुसरी मांडली.

"ही कुनाची?" आबांनी विचारलं.

"तुझ्या लेकाची, श्रीमंताची. त्याचं साल सरलंय का?"

"न्हाई."

"मग त्याच्या वाटचं कोण खाणार? पाडव्याची पत्रावळ उष्टी टाकत नसतेत."

गडी हसले. कुणीतरी म्हणालं, "खा मारोती, लेकानं घोंगडं चोरलं, बापाला दुप्पट पुरन." आबांनी दोन्ही पत्रावळी संपवल्या. त्यांना पुरण सोसत नाही, तुला माहीत आहे. घरी येऊन ओकले. मायने विचारलं, पत्रावळ सारून उठला का नाहीत? तर म्हणाले, "उठलो असतो तर माझा लेक चोर ठरला असता. त्याच्या वाटचं साल मी भरीन. मग कोन चोर म्हनतंय बघू."

दादा, तू चोरी केली नाहीस. अंगात ताप होता, मोटार चालू करायला तुला उठवलं, आणि तू अंगावरच्या घोंगड्यासकट गावाबाहेर गेलास. मी दारातून पाहिलं होतं. त्या दिवशी संक्रांत होती. पण गाव ताप बघत नाही, घोंगडं बघतं.

कस्तुराबाई, 'ओकले' हा शब्द मोठ्याने वाचला असेल तर असू द्या. नसेल वाचला तर वाचा. त्याला कळू दे.

चांगुणा


पळसवाडी
३ मार्च १९८३

दादा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते.

मी लातूरला जाऊन आले. वेठबिगारी बंदीचा कायदा होऊन सात वर्षं झाली, तो मी वाचनालयात वाचला होता. एका कचेरीत विचारलं. टेबलावरचे गृहस्थ चांगले होते, बसा म्हणाले, पाणी दिलं.

"कर्ज किती घेतलंय वडिलांनी?"

"काहीच नाही."

"मग अडवलंय कशानं? मारहाण?"

"नाही."

"जाऊ देत नाहीत का?"

"जा म्हणतात. सभेत म्हणाले, मोकळा."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, मग ते मोकळेच आहेत की."

मी एसटीत बसून हाच विचार करत आले. आबांना अठ्ठेचाळीस साली मोकळं केलं, तेव्हा ते पोरसवदा होते. कायद्याने मोकळं केलं. झेंड्याखाली मोकळं केलं. तीनदा मोकळा झालेला माणूस गोठ्यात झोपतो, आणि त्याला कुठून बाहेर काढायचं ते दारच सापडत नाही.

अठ्ठेचाळीसचं अप्पांनी स्वतःच सांगितलं. परवा मी त्यांच्याकडे गेले. भीती वाटत होती, पण गेले. ते बाजेवर बसून ट्रान्झिस्टर ऐकत होते. मी म्हटलं, "अप्पा, आबांना सोडा."

"बस," म्हणाले. "मी तुरुंगातून आलो त्या दिवशी सगळ्या गड्यांना बोलावलं. म्हटलं, निजाम गेला, आजपासून कुणी कुणाचा गडी न्हाई. तुझा आजा भीमा काय म्हणाला ठाऊक आहे? 'मालक, आत्ता का पाडव्याला?' मी हसलो. म्हटलं, बरं, पाडव्याला. आणि पाडव्याला सगळ्यात आधी त्यानंच घोंगडं अंथरलं. मी काय करू?"

"तेव्हा दुसरीकडे काम कुठं होतं?"

"आता आहे ना? तळ्याचं काम आहे. जाऊ दे की मारोतीला. मी बांधलंय का त्याला?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "कुठं हाय दोरी? दाखव मला."

मला दाखवता आली नाही.

आबा तळ्याच्या कामावर गेले होते, दादा. मायच्या आग्रहाने एकदा गेले. मुकादम म्हणाला, "तू तर अप्पाचा गडी, तुझं नाव कसं घेऊ? उद्या अप्पा मलाच विचारतील." अप्पांनी त्याला कधी काही सांगितलेलं नाही. सांगायची गरजच नाही.

दहावीला आम्हाला एक धडा होता. फ्रान्समध्ये क्रांती झाली, माणूस जन्मतः स्वतंत्र आहे असं त्यांनी लिहून काढलं, आणि त्याच लोकांच्या दूरच्या बेटावर उसाच्या मळ्यात गुलाम राबत होते. लिहिणाऱ्यांच्या मनात ते गुलाम नव्हते. पण गुलामांनी ते शब्द ऐकले आणि म्हणाले, यात आम्हीही आलो. मग ते उठले. मला त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते. मी हा धडा आबांना सांगितला. आबा म्हणाले, "त्या बेटावर पाडवा नसंल."

अप्पांशी आणखी एक बोलणं झालं. ते पुढे कधीतरी लिहीन.

चांगुणा


पळसवाडी
२७ मार्च १९८३

दादा,

कस्तुराबाईंचं कार्ड मिळालं. तू काही सांगितलं नाहीस, त्यांनी स्वतःच लिहिलं: "तुमचे अक्षर पहिल्यासारखे नाही. शाई पसरते. तब्येत बरी आहे ना? तुमचा भाऊ अक्षर वाचू शकत नाही पण पत्र उलटसुलट करून बघतो."

जानेवारीच्या पत्रात दुसरीही एक चूक होती. मी घरीच असते असं लिहिलं होतं. मी घरी नसते. संक्रांतीपासून मी बागेत पाणी ओढते. आबांचा खोकला वाढला होता, घागर वर आणताना मध्येच थांबायचे, आणि झाडं वाळली तर दोष त्यांच्यावर. मी एक दिवस गेले आणि मग रोजच जाते. तळहात सोलवटलेत, त्यात ओल असते, म्हणून शाई पसरते. तब्येत बरी आहे. आपल्या वस्तीला टँकर एक दिवसाआड येतो, बायका भांड्यांची रांग लावून बसतात, आणि मी त्यांच्या देखत मोसंबीला पाणी घालते. मायचं नाव घेऊन, पारूबाईची शिकलेली लेक, असं म्हणतात. मोठ्याने म्हणत नाहीत.

अप्पांशी झालेलं ते दुसरं बोलणं याच्याशीच जोडलेलं आहे. ते मला बागेत बघत होते. म्हणाले, "मॅट्रिक झालेल्या पोरीनं घागर ओढावी हे मला बघवत न्हाई." जूनपासून ते मुलींची शाळा काढताहेत. नवा जिल्हा झाल्यापासून ज्याला त्याला संस्था काढायची आहे, पण अप्पांना मनापासून काढायची आहे. नाव मुक्ती कन्या विद्यालय. त्यात मला बालवर्ग देणार. अनुदान येईपर्यंत पगार नाही, पुढे ट्रेनिंगला तेच पाठवणार. "मारोतीचं साल चालू राहील, घरात दाणे येतील. तू शिकव. अनुदान आलं की मग त्याला बसव घरी."

मी हो म्हणाले होते. दादा, तुला कळावं म्हणून लिहिते, मी लगेच हो म्हणाले. डोळ्यांपुढे पाटी, फळा, लेकरं दिसली. घरी येताना अप्पांनी 'तू शिकव'च्या आधी काय म्हटलं होतं ते आठवलं. आबांचं साल चालू राहील. तुझ्या काठीवर मी शिकले, आता आबांच्या घोंगड्यावर मी शिकवणार. पुढे अनुदान येणार नाही, किंवा येईल आणि तोवर तुला होणाऱ्या पोराची काठी धरायची वेळ आलेली असेल. अप्पा फसवत नाहीत, हीच अडचण आहे. फसवत असते तर मी एवढी घाबरले नसते.

हे मी आबांना सांगितलं नाही. मायला सांगितलं. माय म्हणाली, "तुला बी घोंगडंच दिलंया की त्यांनी. मऊ हाय येवढंच."

ती शालीबद्दल बोलत होती. मॅट्रिक पास झाले तेव्हा अप्पांनी चावडीसमोर माझ्या खांद्यावर घातलेली. निळी, काठाची. ती मायने पेटीत ठेवली आहे. मी ती कधी पांघरली नाही, पांघरायला भारी वाटायची.

चांगुणा


पळसवाडी
९ एप्रिल १९८३

दादा,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "आबाला सांग, घोंगडं मी चोरलं न्हाई, अंगावर व्हतं." कस्तुराबाईंनी तुझ्याच शब्दांत लिहिली, बरं झालं. मी ती आबांना वाचून दाखवली. आबा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. मग त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटं धरून पाहिलं आणि टोपीत घातलं.

त्यानंतर मी बोलले. एवढं सलग मी आबांशी कधी बोलले नव्हते. म्हटलं, "आबा, दादा संक्रांतीला गेला. त्याच्या सालाचे संक्रांतीपासून पाडव्यापर्यंतचे दिवस राहिले होते, बरोबर?"

"बराबर."

"ते तुम्ही भरणार होतात."

"भरतोय की."

"तुम्ही तुमचं साल भरताय. एका अंगाने दोन सालं भरत नसतात. दादाचे राहिलेले दिवस मी भरलेत. संक्रांतीपासून मी बागेत आहे, एक दिवस चुकवला नाही, लातूरला गेले त्या दिवशीही पहाटे घागरी ओढून गेले. सगळ्या गावाने बघितलंय. येत्या पाडव्याला त्याचं साल पुरं होतंय."

आबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. ते रोज शेजारी घागर ओढत होते, पण त्यांनी तसं मोजलं नव्हतं. मीही ठरवून केलं नव्हतं. कस्तुराबाईंनी अक्षराबद्दल विचारलं तेव्हा मला ते दिसलं.

"आन् घोंगडं?" आबा म्हणाले. "हातात काय देशील?"

मायने पेटी उघडली आणि शाल पुढे टाकली.

"ती त्यांनी दिलेलीच हाय," माय म्हणाली. "दिलेलं द्यायचं, यवढीच रीत हाय ना? मंग?"

आबा म्हणाले, "पोरीची नोकरी जाईल."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. अप्पांनी त्यांना माझ्या आधीच सांगितलं होतं, आणि तेही इतके दिवस मला काही बोलले नव्हते. ते माझ्यासाठी यंदाही घोंगडं अंथरणार होते. मी त्यांच्यासाठी फळ्यापुढे उभी राहणार होते. दोघांनी एकमेकांना न सांगता तीच गाठ आवळत आणली होती. अप्पा दोरी दाखव म्हणाले तेव्हा मला दिसली नाही, कारण तिची दोन्ही टोकं आमच्याच हातात होती.

मी म्हटलं, "जाऊ दे. मी तळ्याच्या कामावर जाईन. पुढं बघू."

भीती गेलेली नाही. अप्पांनी शाल घेतली नाही तर काय? घोंगडं हातात घेण्याऐवजी हसून म्हणाले, "अगं, मी तर कधीच मोकळं केलंय," तर काय? मी त्यावर एकच उत्तर तयार ठेवलंय. "मग हात पुढं करा, अप्पा." त्यांनी ते हात मला एकदा दाखवले आहेत. गुणाबाईंनी दोन पत्रावळी मांडल्या तर तुझ्या पत्रावळीपुढे मी तुझी ओळ म्हणणार. चोरलं नाही, अंगावर होतं. सगळ्या गड्यांच्या देखत म्हणणार. आवाज फुटेल की नाही सांगता येत नाही. रोज बागेत झाडांना म्हणून बघते.

तू ये, असं मी लिहीत नाही. तू आलास तर लोक तुझ्याकडेच बघतील. तुझी ओळ पुरे.

यंदा पाडवा आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी आली आहे. पोरांनी मिरवणूक दुपारी ठेवली, जेवणाच्या वेळेला. वर्गणी मागायला आले तेव्हा एकाने आबांना टोमणा मारला, "मारोतीबाबा, तुमी गोठ्यातूनच जय भीम म्हना, ऐकू येतंय आमाला." काल बागेतून येताना आबांनी मला विचारलं,

"घोंगड्याची घडी चार पदरी घालत्यात का आठ पदरी?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"आमच्यात कुनी कधी घातलीच न्हाई," ते म्हणाले. "बापानं बी न्हाई."

आज सकाळी माय आणि ते अंगणात घोंगड्याची दोन-दोन टोकं धरून उभे होते. एकदा चार पदरी घातली, ती ढिली पडली. मग आठ पदरी घातली. मायला ती आवडली.

शालीची घडी मी घातलीये, तीही आठ पदरी. दोन्ही घड्या पेटीवर ठेवल्या आहेत. ऊन डोक्यावर यायच्या आत मी गोठ्यात जाणार आहे. येत्या गुरुवारी, १४ एप्रिलला.

चांगुणा